ऊन उंबरठ्यावर येईपर्यंत

काल सकाळी दुकानाच्या उंबरठ्यावर ऊन आलं आणि माझा हात कात्रीवरून आपोआप उचलला गेला. समोर एका बाईंचं भारी रेशमी ब्लाऊजपीस आखून पडलं होतं. गळा कापून झाला होता, बाह्या राहिल्या होत्या. मी कापडाची घडी केली आणि कपाटात ठेवून दिली. माझ्याकडे शिवणकामाला येणारी निर्मला हसली आणि म्हणाली, "ताई, तुमचं घड्याळ बंद पडलं तरी तुमचं काई अडत नाई." तिला गंमत वाटते. वाटू दे. तिला हे माहीत नाही की या उंबरठ्यावरच्या घड्याळाला मी आजही भिते.

चैत्र लागला आहे. प्रताप नगरच्या या नव्या वस्तीत झाडं अजून माणसाच्या उंचीची आहेत, त्यामुळे ऊन कुणाला न विचारता सरळ घरात येतं. घरोघर कूलर उतरवले जात आहेत, वाळ्याचा वास सुटला आहे. उन्हाळा आला की आंबे, मोगरा, गच्चीवरची झोप यांच्याबद्दल भरभरून बोलणारी माणसं मला भेटतात आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या कानात उन्हाळ्याचे वेगळे आवाज असतील. माझ्या कानात एकच आहे, काच फुटल्याचा. अजूनही शेजारी कुणाच्या हातून कपबशी पडली की मी आधी डोळे मिटते आणि मग काय झालं ते विचारते.

आमचा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना हा बाबांचा शब्द. बघायला गेलं तर जरीपटका वस्तीच्या पलीकडे आमच्या दोन खोल्यांच्या मागे एक अंगण, अंगणात कडुनिंब आणि कडुनिंबापलीकडे टिनाची शेड. शेडमध्ये हाताने फिरवायचं एक जुनं मशीन, गॅसचा सिलिंडर आणि भिंतीला लागून बाटल्यांचे लाकडी क्रेट. पण बाबा कुणालाही पत्ता सांगताना 'कारखान्याच्या मागे आमचं घर' असंच सांगायचे. घराच्या मागे कारखाना असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

हिरवट जाड काचेची बाटली, तिच्या गळ्यात काचेची गोटी. बाटलीत पाणी भरायचं, मशीनच्या पेटीत ठेवायची, लोखंडी झाकण लावायचं आणि गॅसची तोटी उघडायची. गॅस आत शिरताना 'स्स' असा आवाज येतो. मग चाक फिरवायचं. आत बाटली खाली-वर होत राहते, पाणी गॅस पिऊन घेतं आणि बाटली उलटी झाली की गोटी गळ्याशी येऊन रबराच्या कड्यावर घट्ट बसते. तेव्हा 'टक्' असं वाजतं. मग झाकण उघडायचं, बाटली अलगद काढायची आणि क्रेटमध्ये ओल्या पोत्याखाली ठेवायची. एवढंच काम. स्स पासून पोत्यापर्यंत जो काही वेळ जायचा, त्या वेळात आमचं अख्खं घर श्वास धरून असायचं.

नेहमी असं नव्हतं. आधी आम्हाला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. ती मी मॅट्रिकला बसले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आली. भर दुपार होती. पाणी तापलेलं होतं, आणि तापलेलं पाणी गॅस घेत नाही म्हणून बाबांनी तोटी जरा जास्त उघडली. तोंडावर बांधायची तारेची जाळी गरम होते म्हणून काढून खुंटीला टांगलेली होती. टक् झालं, बाबांनी झाकण उघडलं, बाटली काढायला वाकले. त्या बाटलीच्या अंगावर कुठेतरी एक बारीक ओरखडा होता. ती त्यांच्या हातातच फुटली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बाबा ओरडले नाहीत. शेडच्या दारात आले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बाई, तुया आईले बोलाव." त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात होता आणि हाताच्या फटींतून रक्त येत होतं.

डावा डोळा गेला. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की उजवा चांगला आहे, त्याला आता जपा. त्या एका वाक्याने आमच्या घराचा ताबा घेतला. उजव्या डोळ्याला जपणं हेच आमचं जगणं झालं. बाबा अंगणात गेले की आई कडुनिंबाच्या खाली आलेल्या फांद्या तोडायची. स्वयंपाकघरात फोडणी देताना ती त्यांना दाराबाहेर बसवायची. मी केर काढताना धूळ उडाली तर मला बोलणी बसायची. बाबांनी इतवारी बाजाराच्या फुटपाथवरून एक काळा चष्मा आणला. चष्म्यामागे ते कुठे बघतायत ते कळायचं नाही, पण कुठेही भांडं पडलं की त्यांचा उजवा हात झटकन चष्म्यावर जायचा. ते घाबरलेत असं कुणी म्हणायचं नाही. आम्ही सगळे भांडी हळू ठेवायला शिकलो.

शेड मात्र बंद ठेवता येणार नव्हती. पानठेले, रसवंत्या, सिनेमाच्या दारावरचे ठेले, सगळे आमच्या बाटल्यांवर होते आणि वर्षाचं पोट त्या चार महिन्यांत भरायचं होतं. बाबांनी पावसाळा काढला, हिवाळा काढला. होळी झाली, उन्हं तापायला लागली, तेव्हा ते एका सकाळी शेडमध्ये गेले. बराच वेळ आत होते. चाकाचा आवाज काही आला नाही. बाहेर आले, अंगणातल्या बाजेवर शेडकडे पाठ करून बसले आणि आईला म्हणाले, "मशीनले तेल पायजे." आईने तेलाची कुपी उचलली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. पहिली बाटली तिने त्या दिवशी भरली.

मला आता कळतं की बाबांच्या हातात कारखाना होता तेव्हा त्यांच्या दिवसाला शेंडाबुडखा नव्हता. गिऱ्हाईक आलं की चार बाटल्या धुवायच्या, धुतल्या की भरायच्या, भरल्या की कुणीतरी घेऊन जायचं. मध्येच रिकामे क्रेट आणायला इतवारीत जायचं, तिथे दोन माणसं भेटली की चहा. दुपारी आठवण व्हायची की सकाळचं गिऱ्हाईक तसंच राहिलं, मग टिनाखाली भट्टीसारखं तापलेलं असताना पुन्हा मशीन. कामाचा डोंगर कधी हलायचा नाही आणि माणूस मात्र दिवसभर उभा. यालाच ते मेहनत म्हणायचे आणि आम्हीही तेच म्हणायचो.

आईने पहिल्याच आठवड्यात दिवसाचे तुकडे पाडले. ती तांबडं फुटायच्या आधी उठायची. आदल्या संध्याकाळी शेडमधले मोठे रांजण भरून, त्यांना ओली पोती गुंडाळून ठेवलेली असत. सकाळी त्या पाण्यात हात घातला तर शिरशिरी यायची. त्या पाण्याने ती बाटल्या भरायला घ्यायची. समोर आमच्या घराची सावली शेडच्या दारावर असायची. सूर्य घराच्या कौलांवर आला की ती सावली सरकायची आणि उन्हाची एक पट्टी शेडच्या उंबरठ्यावर पडायची. पट्टी पडली की चाक बंद. मग पेटीत बाटली घातलेली असली तरी ती बाहेर काढायची. आईचा धाकटा भाऊ, रामजीमामा, तोवर ठेला घेऊन आलेला असे. ऊन चढायच्या आत तो भरलेला माल पोचवून यायचा. भर दुपारी शेडला कडी. सगळ्यांनी फरशीवर पाणी शिंपडून पडायचं, झोप येवो न येवो. ऊन कललं की कडुनिंबाखाली बाटल्या धुवायच्या आणि धुतलेली प्रत्येक बाटली उजेडात धरून बोटाने चाचपायची. ओरखडा लागला की ती बाटली बाद. दिवेलागणीला रांजण भरायचे, पोती भिजवायची.

बाटल्या चाचपायचं काम माझं होतं. परीक्षा होऊन गेली होती, निकाल लांब होता, मैत्रिणी मामाच्या गावाला गेल्या होत्या आणि मी कडुनिंबाखाली बसून काचेवर बोट फिरवत होते. माझ्या बोटाखालून एखादा ओरखडा निसटला तर उद्या सकाळी तीच बाटली आईच्या हातात असेल या विचाराने मी प्रत्येक बाटली पुन्हा चाचपायचे. चांगल्या बाटल्याही मी बाद करायचे. आई त्या बाद ढिगाकडे बघायची, पण एकदाही तिने त्यातली बाटली उचलून परत चांगल्यात ठेवली नाही.

आणि ती सकाळची घटका. आई बाबांचा जुना खाकी कोट घालायची, साडीचा पदर आत खोचून. तोंडावर जाळी, हातांना पोत्याच्या पट्ट्या. ऐन वैशाखात असा थाट करून ती शेडमध्ये शिरली की मला हसू यायला हवं होतं. मी चुलीपुढे बसलेली असायचे. मागून आवाज यायचा, स्स. माझा हात परातीत थांबायचा. चाक फिरायला लागायचं, करकर, करकर. मी मनात म्हणायचे, हो, हो लवकर. टक्. मग झाकणाची कडी, मग काहीच नाही, आणि मग क्रेटमध्ये बाटली टेकल्याचा आवाज. तेव्हा कुठे मी भाकरी फिरवायचे. तेवढ्यात पुन्हा स्स. त्या उन्हाळ्यातल्या आमच्या सगळ्या भाकऱ्या एका बाजूने करपलेल्या होत्या. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बाबा तेव्हा बाजेवर बसलेले असायचे, शेडकडे पाठ करून, चष्मा लावून. हातात बिडी असायची, पण ती पेटलेली नसे. ऊन उंबरठ्यावर आलं हे त्यांना पाठीमागूनही कळायचं, कारण चाक थांबायचं. मग ते काडी ओढायचे.

गंमत अशी की माल कमी निघेल असं सगळ्यांना वाटलं होतं आणि तो जास्त निघायला लागला. थंड पाणी गॅस झटकन घ्यायचं, चाक थोडंच फिरवावं लागायचं. एक काम हातात घेतलं की तेच संपवायचं असल्यामुळे मध्ये वेळ सांडत नव्हता. बाटल्या फुटायच्याही जवळजवळ थांबल्या. रामजीमामा बाजारात सगळ्यांना सांगत सुटला की माझ्या बहिणीसारखं डोकं कुणाचं नाही. एक ठेलेवाला तर मुद्दाम बघायला आला. आईने त्याला सगळं समजावून सांगितलं. सकाळी पाणी थंड असते, पाण्यानं गॅस चांगला घेतला का सोड्याले तेज येते, आणि म्हणून सकाळी भरायचं. तो मान डोलावत गेला. मी तेव्हा अकाउंट्स शिकायची स्वप्नं बघत होते. मला वाटलं, धंदा करावा तर असा.

पण बाबांना ते सुखाने बघवत नव्हतं. भर दुपारी शेडला कडी घातलेली बघून ते अस्वस्थ व्हायचे. हंगामाच्या दिवसांत मशीन झोपून राहते हे त्यांना पापासारखं वाटायचं. शिवाय बाजारात पत्र्याच्या बिल्ल्याच्या झाकणाची थंड पेयं यायला लागली होती, मोटारीतून, रंगीत पेट्यांमधून. बाबा म्हणायचे, ते काही दुपारचे झोपत नाहीत. आई ऐकून घ्यायची आणि कडी तशीच ठेवायची. एकदा ती फक्त एवढंच म्हणाली, "ऊन आत आल्यावर माझ्याच्यानं होत नाई." बाबांना वाटलं, ती उन्हाच्या त्रासाबद्दल बोलते आहे. मलाही तेच वाटलं.

वैशाखी पौर्णिमा आली. त्या दिवशी मशीन बंद. वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून सकाळपासून विहारात गेल्या होत्या, आईसुद्धा. तिथे मोठ्या गंजात खीर शिजत होती आणि ती ढवळायला आई हवीच असायची. रामजीमामा ठेला सोडून मिरवणुकीच्या तयारीत. घरी मी आणि बाबा. दुपारी जेवण करून मी भांडी घासत होते, तेव्हा दारात एक माणूस उभा राहिला. इतवारीतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी संध्याकाळी वरात यायची होती आणि ठरलेल्या थंड पेयांची गाडी कुठे बंद पडली होती. त्यांना सोडा हवा होता, असेल तितका, आजच. बाबा बाजेवरून उठले. त्या माणसाने त्यांच्याकडे, त्यांच्या चष्म्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बाई को बुलाओ. कारखाना तो वो ही चलाती है ना?"

बाबांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाले, "मालक मी हाय. संध्याकाळी ठेला घेऊन या."

तो गेल्यावर त्यांनी शेडची कडी काढली. टिनाखालची हवा अंगणापर्यंत आली, तव्यावरून यावी तशी. आत जागा व्हावी म्हणून त्यांनी आदल्या दिवशीचे भरलेले दोन क्रेट ओढत बाहेर आणले आणि दाराशी ठेवले. ओलं पोतं आतच राहिलं. सोड्याचा धंदा करणारा कुणीही भरलेली बाटली उन्हात ठेवणार नाही, बाबा तर मुळीच नाही. पण त्या घटकेला त्यांचं सगळं लक्ष मशीनकडे होतं. त्यांनी खुंटीवरची जाळी काढली, हातात धरून बघितली आणि तिच्या तारांतून एका डोळ्याने नीट दिसेना म्हणून परत टांगली. काळा चष्माही काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी दारात उभी होते. म्हटलं, बाबा, आई येऊ द्या. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा बाई, तू घरात जा."

मी घरात गेले नाही. मी विहाराकडे पळत सुटले. डांबर मऊ झालं होतं, चप्पल एकदा चिकटली ती मी तिथेच सोडली. पायांचं काय झालं ते मला आठवत नाही. वाटेत मला सारखं वाटत होतं की आता आवाज येणार, आता येणार, आणि मी इथे रस्त्यावर असणार. आई गंजापाशी होती, हातात लांब डाव, तोंड वाफेने लाल. मी फक्त 'बाबा' एवढंच म्हणू शकले. तिने डाव शेजारणीच्या हातात दिला आणि ती धावायला लागली. मी माझ्या आईला त्याआधी कधी धावताना बघितलं नव्हतं.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी होतो तेव्हा तो आवाज आला. फाट्. त्याला लागूनच दुसरा. आई थांबली नाही, पण तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मला अजून विसरता येत नाही.

अंगणात काचाच काचा होत्या. उन्हातल्या क्रेटमधल्या दोन बाटल्या फुटल्या होत्या, पाणी फसफसत जमिनीत मुरत होतं. शेडमध्ये बाबा मशीनपाशी उभे होते. त्यांचा एक हात चाकावर होता आणि दुसरा उजव्या डोळ्यावर. हात इतका घट्ट दाबलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मला तो पहिला उन्हाळा आठवला, फटींतून येणारं रक्त. या वेळी रक्त दिसत नव्हतं, पण मला बघायचं धाडस होत नव्हतं. पेटीत बाटली होती, झाकण लावलेलं, गॅस चालू. आईने आधी गॅसची तोटी बंद केली. मग ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हात काढा," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. नाही.

"कुठी लागलं?"

"मले ठाव नाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "हात काढला आन् अंधारच असन तं?"

तेव्हा मला समजलं. आवाज मागून, अंगणातून आला होता, पण त्यांना वाटलं होतं की मशीनमधलीच बाटली फुटली. हात डोळ्यावर गेला तो तिथेच राहिला. डोळा आहे की गेला हे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची हिंमत नव्हती. आम्ही गल्लीतून येईपर्यंत ते तसेच, त्या भट्टीत, अंधारात उभे होते. आईने त्यांच्या मनगटाला धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "उघडा आता. मी हावो इथं."

हात खाली आला. डोळा घट्ट मिटलेला होता, पापणी कोरडी, चेहऱ्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. मग तो उघडला. बाबा आईकडे बघत राहिले, तिच्या पांढऱ्या साडीकडे, साडीवर सांडलेल्या खिरीकडे. "दिसून राहिलं," ते म्हणाले, आणि मशीनच्या पायाशी बसले ते रडायलाच लागले. आईही तिथेच जमिनीवर बसली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि माझे पाय तेव्हा कुठे भाजायला लागले.

बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "तू कशी करते वं हे रोज? तुले भेव नाई लागत?"

आई काचांकडे बघत होती. म्हणाली, "थंड पाण्याचं मले मागून समजलं. लोकायले तेच सांगतो मी. पण खरं सांगू का तुमाले? माझी हिंमत तेवढीच पुरते. अंधार असते तवा उठतो, मनाले सांगतो का आज काई नाई होत. ऊन उंबरठ्यावर येईस्तोर हात माझं ऐकते. मंग कापाले लागते. म्हणून बंद करतो." तिने हात पुढे केले आणि ते आताही कापत होते. "भेवाचं काम हाय. हिंमत ताजी असते तवाच होते. दुपारी कुठून आणू?"

बाबा त्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मले तं तेवढीबी पुरत नाई."

वरातीला सोडा गेला नाही. संध्याकाळी तो माणूस ठेला घेऊन आला, खूप बोलला, बाबांनी सगळं ऐकून घेतलं. 'बाईनं बंद ठेवलं हाय,' एवढंच त्यांनी सांगितलं आणि ते सांगताना त्यांना अजिबात कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर बाज रिकामी होती. शेडमध्ये बाबा चाकापाशी बसले होते, तोंडावर जाळी आणि जाळीमागे डोळा गच्च मिटलेला. आईने बाटली ठेवली, झाकण लावलं, तोटी उघडली आणि म्हणाली, "हं." बाबांनी चाक फिरवलं. चाक फिरवायला डोळा लागत नाही. टक् झालं. आईने झाकण उघडलं, बाटली काढली, क्रेटमध्ये ठेवली, वर ओलं पोतं ओढलं. मग म्हणाली, "उघडा आता." बाबांनी डोळा उघडला, आईकडे बघितलं, पुढची बाटली तिच्या हातात दिली आणि पुन्हा मिटला. असं ऊन येईपर्यंत. असं त्या उन्हाळ्यात रोज आणि त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात. भीती काही गेली नाही. चुलीपुढे माझा हात तसाच थांबायचा. पण आता स्स आणि टक् नंतर एक तिसरा आवाज, आईचा, यायला लागला होता, आणि तो आला की मी भाकरी फिरवायचे. भाकऱ्या थोड्या कमी करपायला लागल्या.

पुढे रंगीत पेट्यांनी बाजार काबीज केला. ठेल्यावर बर्फाच्या पेट्या आल्या, गोटीच्या बाटल्या आधी लाकडी शोकेसमध्ये आणि मग माळ्यावर गेल्या. एका हिवाळ्यात मशीन भंगारात गेलं. मी लग्न होऊन प्रताप नगरला आले आणि दुकान टाकलं. शिवण्याची मला भीती वाटत नाही, उसवता येतं. कापायची वाटते. दुसऱ्याचं भारी कापड, लग्नाचं, एकच, आणि हातात कात्री. म्हणून कापणं सगळं सकाळी, दिवस कोवळा असताना, कुणाशी न बोलता. ऊन उंबरठ्यावर आलं की कात्री खाली. मग मशीन, मग हुक-काजं, मग गिऱ्हाइकांशी बोलणं. बायका विचारतात, दुपारी का कापून देत नाही. मी सांगते, सकाळचा उजेड चांगला असतो. त्यांना ते पटतं. हे असं सांगायचं मी आईकडूनच शिकले.

गेल्या माघात बाबा गेले. आजार वगैरे काही नव्हता, पहाटे झोपेतच. रामजीमामा मला घ्यायला आला. मी पोचले तेव्हा दिवस उजाडला होता आणि खोलीत अजून सावली होती. बाबा बाजेवर होते, चष्मा काढून उशाशी ठेवलेला, दोन्ही डोळे मिटलेले. आई शेजारी बसली होती, पाठ ताठ. ती रडत नव्हती. शेजारणींनी तिला दोनदा पाणी दिलं, ते तसंच होतं. मी तिच्याजवळ बसले. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून हंडा घसरला आणि जमिनीवर आपटला. आईचा हात झटकन बाबांच्या उजव्या डोळ्यावर गेला. तिने तो झाकून धरला. बाहेर सगळं शांत झालं. मग तिने हात उचलला आणि त्यांच्याकडे बघत नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उघडा आता."

ती वाट बघत राहिली. घराच्या उंबरठ्यावर ऊन आलं, तेव्हा तिचे हात कापायला लागले.